वाहन उद्योग आणि तरुण पिढी : शंभर वर्षांच्या मनधरणीची पार्श्वभूमी

वाहन उद्योगाकडे तरुण वळत नाहीत, ही ओरड हल्ली इलेक्ट्रिक गाड्या आणि सॉफ्टवेअरच्या निमित्ताने पुन्हा ऐकू येऊ लागली आहे. बॅटरीतलं रसायन कळणारा माणूस हवा, संगणक प्रणाली लिहिणारा हवा, डिझायनर हवा, वर्कशॉपमध्ये हात चालवणाराही हवा, आणि मुलं मात्र दुसऱ्याच वाटांनी निघून जातात. पण ही तक्रार नवी नाही. मोठ्या कारखान्यांच्या काळापासून हा उद्योग तरुणांची मनधरणी करत आला आहे. कधी पगार वाढवून, कधी शाळा काढून, कधी बक्षिसं लावून. त्या काळात कामाचे प्रकार झपाट्याने वाढले. लोकांच्या डोक्यात मात्र मळकट कपड्यातला मेकॅनिक आणि पट्ट्यावर बोल्ट आवळणारा कामगार ही दोनच चित्रं पक्की बसली. आजच्या अडचणीचं मूळ बरंचसं या दरीत आहे.

सुरुवातीला या धंद्याचं शिक्षण घेतलेलं कुणीच नव्हतं. कार्ल बेंझला पेटंट मिळालं ते 1886 साली अर्ज केलेल्या तीनचाकी गाडीचं. त्यानंतर जे कारखाने उभे राहिले, त्यांतले बरेच आधी दुसरंच काही बनवत होते. ओपेल शिलाई यंत्रं आणि सायकली बनवत असे, प्यूजोच्या घरात कॉफी दळायची यंत्रं आणि सायकली, तर अमेरिकेतली स्टुडबेकर घोडागाड्यांमुळे नावारूपाला आलेली. लोहार, सुतार, गाद्या शिवणारे, सायकल दुरुस्त करणारे असे लोक गाड्यांकडे सरकले आणि काम करता करताच शिकले.

1888 च्या ऑगस्टमध्ये बेर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता गाडी घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर, सोबत ऑइगेन आणि रिचर्ड ही तिची मुलं, एक पंधरा वर्षांचा आणि दुसरा तेरा. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन म्हणून लागणारं लिग्रोइन वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेकचे ठोकळे झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना कातडं लावून घेतलं. म्हणजे लांबच्या पल्ल्यावर गाडी दुरुस्त करणारी पहिली व्यक्ती एक बाई होती आणि तिचे मदतनीस शाळकरी वयाचे होते. पुढची कित्येक दशकं उद्योगाने यातला पहिला भाग सोयीस्करपणे विसरून टाकला.

माणसं टिकवण्याचा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर भेडसावला तो फोर्डला. 1913 मध्ये हायलँड पार्क कारखान्यात फिरता जुळवणी पट्टा सुरू झाला. एक चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, जोडायला आधी साडेबारा तास लागत, ते काम काही महिन्यांतच 93 मिनिटांवर आलं. पण तेच तेच काम दिवसभर करायला माणूस टिकेना. कामगार नोकरी सोडून जात आणि त्यांच्या जागी नवे घ्यावे लागत, याचं प्रमाण त्या वर्षी 370 टक्क्यांवर गेलं होतं. 5 जानेवारी 1914 रोजी फोर्डने दिवसाला पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर केली, त्यामागे हे कारण ठळक होतं. दुसऱ्या दिवसापासून कारखान्याच्या फाटकाशी झुंबड उडाली. या पगाराला अटीही होत्या. कामगाराचं घर, बचत, दारू यांवर नजर ठेवायला कंपनीने खास विभाग नेमला होता, ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

पैशाने माणूस दाराशी येतो, पण कसबी होत नाही, हे फोर्डलाही उमगलं असावं. 1916 मध्ये हेन्री फोर्ड ट्रेड स्कूल सुरू झालं. गरीब आणि पोरक्या मुलांना तिथे विद्यावेतन मिळे. शिक्षणाचा एक तृतीयांश वेळ वर्गात आणि बाकीचा यंत्रांपाशी जाई. मुलं जे बनवत ते खरोखर वापरात येणारं असावं आणि कंपनीने ते विकत घ्यावं, असा दंडक होता. ही शाळा 1952 मध्ये बंद पडली. पण मुलांच्या हाती सरावाचं खोटं काम न देता खरं काम द्यायचं, ही तिची रीत पुढे वेगवेगळ्या रूपांत परत येत राहिली.

जनरल मोटर्सने वेगळा रस्ता धरला. फ्लिंट शहरात 1919 मध्ये सुरू झालेली एक धंदेशिक्षणाची शाळा कंपनीने 1926 मध्ये ताब्यात घेतली आणि तिची जनरल मोटर्स इन्स्टिट्यूट झाली. काही आठवडे वर्ग, काही आठवडे कारखाना असं तिथलं वेळापत्रक. याच काळात नोकऱ्यांची जातही बदलत होती. 1919 मध्ये कंपनीने गाड्यांसाठी कर्ज देणारी शाखा काढली. 1927 मध्ये हार्ले अर्लच्या हाताखाली ‘आर्ट अँड कलर’ विभाग सुरू झाला आणि मातीच्या नमुन्यावर गाडीचा आकार घडवणं हा पगारी पेशा बनला. दरवर्षी नवं मॉडेल आणायचं म्हटल्यावर चित्रकार, शिल्पकार, कापड जाणणारे, जाहिरातवाले, ग्राहकांची नाडी ओळखणारे सगळेच लागू लागले. आज ‘विविध करिअर’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं निम्मं 1930 पर्यंत अस्तित्वात आलेलं होतं.

तरुणांना या नव्या कामांकडे ओढण्याचा सर्वांत कल्पक प्रयत्न मला वाटतो तो फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्डचा. फिशर बॉडी ही जनरल मोटर्सची गाड्यांच्या बॉडी बनवणारी शाखा. तिने 1930 मध्ये शाळकरी मुलांसाठी स्पर्धा जाहीर केली आणि बक्षीस ठेवलं विद्यापीठीय शिक्षणाच्या शिष्यवृत्तीचं. काम काय, तर कंपनीच्या बोधचिन्हावर असलेल्या नेपोलियनकालीन राजेशाही घोडागाडीची छोटी प्रतिकृती बनवायची. नकाशे मिळत, बाकी सगळं आपलं आपण करायचं. लाकूड कोरा, धातूचं नक्षीकाम करा, आतली गादी शिवा, रंगाचे थर चढवा, चाकं फिरली पाहिजेत, दारं उघडली पाहिजेत. एका गाडीमागे शेकडो तास सहज जात.

पुढे यात भविष्यातल्या मोटारीचा नमुना बनवण्याचा गट आला. माप मूळ गाडीच्या एक बारांश, पण आकार मुलाने स्वतः कल्पायचा. घोडागाडीची प्रतिकृती करणाऱ्या मुलाचा हात किती स्थिर आहे ते कळे. मोटारीच्या नमुन्यातून त्याची नजर कळू लागली. जनरल मोटर्सला डिझायनर शोधण्याचा हा बिनचूक मार्ग सापडला. 1947 चा विजेता चक जॉर्डन पुढे त्याच कंपनीच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला. 1968 मध्ये गिल्ड बंद झालं तोवर मोटार कंपन्यांच्या स्टुडिओंमध्ये त्याचे माजी स्पर्धक जागोजागी बसले होते. फक्त एक गोष्ट : स्पर्धा मुलग्यांसाठीच होती. अडतीस वर्षं निम्म्या तरुणाईला दारही उघडलं गेलं नाही.

मुलींची बाजू म्हणूनच वेगळी सांगावी लागते. स्कॉटलंडमधल्या टंगलंडच्या कारखान्यात डोरोथी पुलिंगरने पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत गॅलोवे ही गाडी बनवली, तीही मुख्यतः स्त्री कामगारांच्या बळावर. मुलींना तिथे अभियांत्रिकीची शिकाऊ उमेदवारी करता येई, आणि मुलगे पाच वर्षांत शिकतात ते त्या तीन वर्षांत शिकतील असं धरून अभ्यासक्रम आखला होता. कारखान्याच्या गच्चीवर टेनिसचं मैदान होतं. याच पुलिंगरबाईंना ब्रिटनमधल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने 1914 मध्ये केवळ बाई म्हणून सभासदत्व नाकारलं होतं. मंदीने हा प्रयोग काही वर्षांतच गुंडाळला. दुसऱ्या महायुद्धात मोटार कारखान्यांमधून विमानं आणि रणगाडे बाहेर पडले ते मोठ्या प्रमाणावर बायकांच्या हातून, आणि युद्ध संपताच त्यांतल्या बहुतेकींना घरी पाठवण्यात आलं. हेलेन रोथर 1943 मध्ये जनरल मोटर्समध्ये गाड्यांच्या अंतर्भागाचं डिझाइन करू लागली. पन्नाशीच्या दशकात अर्लने आणखी काही तरुणींना नेमलं. पण त्यांचं काम रंग, कापड, आसनं यांच्या आतच ठेवलं गेलं आणि 1958 मध्ये अर्ल निवृत्त झाल्यावर तो गट विखुरला.

सत्तरच्या दशकात उद्योगाला आणखी एक धक्का बसला. या वेळी तरुण आत होते, पण त्यांना तिथे राहायचं नव्हतं. ओहायोतल्या लॉर्ड्सटाउनला जनरल मोटर्सचा व्हेगा गाडीचा अत्याधुनिक कारखाना होता. तासाला शंभर गाड्यांचा वेग, म्हणजे प्रत्येक कामगाराला एका गाडीमागे जेमतेम 36 सेकंद. कामगार बहुतेक विशी-पंचविशीतले, वडिलांच्या पिढीपेक्षा जास्त शिकलेले. मार्च 1972 मध्ये त्यांनी संप केला तो कामाच्या वेगाविरुद्ध आणि कामगार कपातीविरुद्ध. पगार हा मुख्य मुद्दा नव्हताच. पाच डॉलरचा जुना इलाज चालेनासा झाला होता.

स्वीडनमध्ये व्होल्वोला तीच अडचण वेगळ्या रूपात दिसत होती. शिकलेली मुलं पट्ट्यावर यायला तयार नव्हती, आलेली टिकत नव्हती, गैरहजेरी वाढत होती. कंपनीने 1974 मध्ये काल्मारला असा कारखाना बांधला की त्यात पारंपरिक पट्टाच नव्हता. गाडीचा सांगाडा विजेवर चालणाऱ्या स्वतंत्र गाड्यावर ठेवलेला. तो एका गटाकडून दुसऱ्याकडे जाई. एका गटाकडे पूर्ण विद्युत जोडणी, दुसऱ्याकडे पूर्ण अंतर्भाग, असं अखंड काम. कामं आपापसांत कशी वाटायची ते गट ठरवी. खिडक्यांतून उजेड, गटागटाला विश्रांतीची वेगळी खोली. 1989 मध्ये उद्देवाला इथे व्होल्वो आणखी पुढे गेली : छोट्या गटाने अख्खी गाडी जोडायची. विक्री घसरल्यावर 1993 मध्ये उद्देवाला आणि 1994 मध्ये काल्मार बंद झाले. दोन्ही ठिकाणी फक्त जुळवणी होत असे, त्यामुळे कात्री तिथेच लागली. प्रयोग फसला असा निकाल सरसकट दिला जातो, तो मला घाईचा वाटतो. तरुणांना आणायचं तर जाहिरातीऐवजी कामाची घडण बदलावी लागेल, हे या उद्योगात इतक्या गांभीर्याने करून पाहणारे फार झाले नाहीत.

दरम्यान नोकऱ्यांचे प्रकार वाढवण्याचं काम भरती मोहिमांपेक्षा कायद्यांनी जास्त केलं. अमेरिकेत 1966 मध्ये वाहन सुरक्षेचा कायदा आला, 1970 मध्ये हवा प्रदूषणाचा कडक कायदा. त्यातून धडक चाचणीचे तज्ज्ञ, मानवी शरीराचा अभ्यास करणारे, उत्सर्जन मोजणारे असे पेशे भरभराटीला आले. प्रदूषणाच्या मर्यादा पाळायच्या तर इंधन आणि ठिणगीवर अचूक नियंत्रण हवं, म्हणून गाडीत इलेक्ट्रॉनिक्स शिरलं. 1978 मध्ये बॉशचं अँटीलॉक ब्रेक तंत्र, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जखडू न देणारं तंत्र, बाजारात आलं. 1996 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ठरावीक पद्धतीची स्वनिदान व्यवस्था, म्हणजे स्वतःचा बिघाड स्वतः ओळखून संकेत देणारी यंत्रणा, सक्तीची झाली.

पुढे 2004 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने वाळवंटात चालकरहित गाड्यांची शर्यत ठेवली. एकही गाडी ती पुरी करू शकली नाही. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी केली आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाची ‘स्टॅनली’ जिंकली. संगणकशास्त्राच्या ज्या विद्यार्थ्यांनी इंजिनात कधी डोकावलं नव्हतं, त्यांना गाडी हा आपला विषय वाटू लागला तो इथपासून.

विद्यार्थ्यांच्या स्पर्धांचा झरा मात्र त्याआधीपासून वाहत होता. 1981 मध्ये टेक्सास विद्यापीठात फॉर्म्युला एसएई सुरू झाली, 1998 मध्ये ब्रिटनची फॉर्म्युला स्टुडंट. विद्यार्थ्यांनी एका आसनाची रेसिंग कार स्वतः आखायची, बांधायची आणि पळवायची. ती वेगाने पळवली म्हणजे जिंकलं असं नाही. परीक्षकांपुढे प्रत्येक सुट्या भागाची किंमत मांडावी लागते, रचनेचं समर्थन करावं लागतं, गुंतवणूकदारासमोर बसल्यासारखा व्यवसायाचा आराखडा सादर करावा लागतो. त्यामुळे संघात हिशेब ठेवणारा, प्रायोजक मिळवणारा, सामानाची जुळवाजुळव करणारा असे सगळे लागतात. जर्मनीतल्या स्पर्धेत 2010 मध्ये इलेक्ट्रिक आणि 2017 मध्ये चालकरहित गट आला. कंपन्या इथून थेट माणसं उचलतात. या स्पर्धांना मर्यादा एकच, पण मोठी : ज्यांना आधीच गोडी आहे आणि जे अभियांत्रिकी महाविद्यालयापर्यंत पोचले आहेत, त्यांच्यापुरत्याच त्या आहेत.

कारखान्यावरचा विश्वास हा आणखी एक मुद्दा. 2009 मध्ये जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दोघींनी दिवाळखोरीत धाव घेतली, तेव्हा ‘मोटार कंपनीत चिकटलास की जन्माची ददात मिटली’ हे आईबापांचं पालुपद बंद झालं. त्याच जनरल मोटर्समध्ये मेरी बॅरा 1980 मध्ये अठराव्या वर्षी शिकाऊ विद्यार्थिनी म्हणून लागली होती. गाडीचे पत्रे तपासण्याचं काम, आणि त्या पैशातून जनरल मोटर्स इन्स्टिट्यूटची फी. जानेवारी 2014 मध्ये ती कंपनीची मुख्य कार्यकारी अधिकारी झाली. कारखाना आणि वर्ग एकत्र बांधण्याच्या जुन्या पद्धतीचं याहून ठळक उदाहरण सापडणं कठीण.

मात्र चमकधमक सगळी स्टुडिओ, प्रयोगशाळा आणि शर्यतीच्या मैदानाला मिळाली. दुरुस्तीचं वर्कशॉप होतं तिथेच राहिलं, निदान लोकांच्या नजरेत. प्रत्यक्षात तिथलं काम सर्वांत जास्त बदललं आहे. इंजिनाचा दिवा लागला, बिघाडाचा संकेत वाचणारं यंत्र जोडलं आणि पी0171 असा संकेत आला, तर त्याचा अर्थ एवढाच की मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी पडतं आहे. कारण यंत्र सांगत नाही. हवेची एखादी नळी तडकली असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल किंवा इंधनाचा पंप थकला असेल. मग चालू इंजिनाचे आकडे बघायचे. इंजिन नुसतं फिरत असताना फरक मोठा आणि वेग वाढवल्यावर कमी होत असेल, तर गळती शोधायची. उलट असेल तर पंपाकडे किंवा सेन्सरकडे वळायचं. हा तर्क जमला नाही की सुटे भाग बदलत बसायचं आणि ग्राहकाचे पैसे घालवायचे. जर्मनीने हे ओळखून 2003 मध्ये मोटार मेकॅनिक आणि मोटार इलेक्ट्रिशियन हे वेगळे व्यवसाय मोडून मेकॅट्रॉनिक्स (यंत्र आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र) तंत्रज्ञ असा एकच शिकाऊ अभ्यासक्रम केला.

इलेक्ट्रिक गाडीने त्यात चारशे, कुठे आठशे व्होल्टची भर घातली. नारिंगी वेष्टनाच्या तारांना हात लावण्याआधी वीज तोडायची, ती पुन्हा कुणी जोडणार नाही अशी कुलूपबंद करायची, साठलेला भार उतरेपर्यंत थांबायचं, मग मीटर लावून व्होल्टेज शून्य असल्याची खात्री करायची. हा क्रम चुकवणाऱ्याला दुसरी संधी मिळेलच असं नाही. आणि तरीही गणितात कच्च्या मुलाला ‘जा गॅरेजमध्ये’ म्हणून तिकडे वळवायची शाळांची आणि घरांची खोड अजून गेलेली नाही.