यकृत अचानक निकामी: हिपॅटायटिस की लपलेला कॅन्सर?

धडधाकट माणसाला कावीळ होते, थोड्याच दिवसांत तो असंबद्ध बोलू लागतो, पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, वाढतो. आपल्याकडे यामागे बहुतेक वेळा ए, ई किंवा बी हिपॅटायटिसचा विषाणू असतो. पण तपासण्यांत विषाणू सापडला नाही, औषधाचा किंवा विषाचाही धागा लागला नाही, तर कॅन्सरचा विचार लगेच व्हायला हवा. तो दुर्मिळ आहे आणि म्हणूनच निसटतो.

यकृताचा कॅन्सर म्हटलं की डोळ्यांसमोर गाठ येते. इथे गाठ नसूही शकते. लिम्फोमाच्या (लसीका पेशींचा कॅन्सर), स्तनाच्या कॅन्सरच्या किंवा अँजिओसार्कोमाच्या (रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कॅन्सर) पेशी यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्यांत जमिनीत मुरणाऱ्या पाण्यासारख्या पसरतात. सोनोग्राफीत, कधी सीटी स्कॅनमध्येही, फक्त ‘यकृत मोठं’ एवढंच दिसतं.

माझ्या मते सगळ्यात बोलकी खूण हीच. विषाणूच्या तडाख्यात पेशी मरतात आणि यकृत आक्रसत जातं. कॅन्सर भरल्यावर ते फुगतं. विषाणूत यकृताच्या पेशींतून रक्तात झिरपणारा एसजीपीटी हजारांत जातो. (तो उतरतोय म्हणून नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात, पण कावीळ दाखवणारं बिलिरुबिन आणि आयएनआर चढतच असतील तर ते वाईट लक्षण आहे: मरायला पेशीच उरलेल्या नसतात.) कॅन्सरमध्ये एसजीपीटीच्या मानाने एलडीएच आणि अल्कलाइन फॉस्फटेज ही रक्तातली दुसरी एन्झाइम जास्त वाढलेले असू शकतात. मात्र रक्तपुरवठा तुटला तर इथेही एसजीपीटी हजारांत जातो, त्यामुळे एकट्या आकड्यावर विसंबू नये. आधीपासूनचा ताप, घटलेलं वजन, पूर्वी झालेला स्तनाचा कॅन्सर, हे आपणहून सांगा.

खात्री बायोप्सीनेच होते. रक्त गोठत नसल्याने पोटातून सुई घालणं धोक्याचं, म्हणून मानेच्या शिरेतून यकृतापर्यंत जाऊन तुकडा घेतात. आधीच स्टिरॉइड दिलं तर लिम्फोमाचं निदान धूसर होऊ शकतं.

एवढी धडपड प्रत्यारोपण करायचं की नाही हे ठरवण्यासाठी. विषाणूने यकृत गेलं असेल तर प्रत्यारोपणाने जीव वाचू शकतो. अँजिओसार्कोमा नव्या यकृतातही परततो, म्हणून तिथे ते करत नाहीत. नाहीतर यकृत देणाऱ्या भावाबहिणीची शस्त्रक्रियाही व्यर्थ जाईल. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या लुईव्हिलच्या पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांमध्ये हाच कॅन्सर आढळला आणि पीव्हीसी ज्यापासून बनतं त्या व्हिनाइल क्लोराइडचा धोका उघड झाला. रुग्णाने कुठे काम केलं, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. लिम्फोमाचं वेगळं: वेळेत केमो सुरू झाली तर काही रुग्णांचं स्वतःचंच यकृत सावरतं.