अमेरिकेचा प्राप्तिकर आणि घटनेतली एक जुनी अट

केंद्र सरकारला प्राप्तिकर लावण्याचा अधिकारच नाही, असं छातीठोकपणे सांगणारे लोक अमेरिकेत आजही आहेत. न्यायालयांनी हा दावा वारंवार फेटाळला आहे. पण वादाचं मूळ खरं आहे आणि ते थेट १७८७ च्या घटनेत सापडतं.

‘प्रत्यक्ष कर’ राज्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून वसूल करावा, अशी ती अट. लोकसंख्या मोजताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरायची, ही लाजिरवाणी तडजोडही त्याच कलमातली. ही अट प्राप्तिकराला लावून पाहा. सारख्या लोकसंख्येची दोन राज्यं, एक श्रीमंत आणि एक गरीब. दोघांच्या वाट्याला रक्कम सारखीच, म्हणजे ती उभी करायला गरीब राज्यातल्या माणसावर जास्त दराने कर! असा कर कोण लावणार?

यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६१ मध्ये आलेला प्राप्तिकर १८७२ मध्ये संपला, आणि १८८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैधही ठरवला. मग १८९४ मध्ये ४,००० डॉलरवरच्या उत्पन्नावर २ टक्के कर आला. एका ट्रस्ट कंपनीचे दहा शेअर बाळगणारा चार्ल्स पोलॉक, कंपनीने हा कर भरू नये म्हणून कोर्टात गेला. एप्रिल १८९५ मध्ये आठच न्यायाधीश हजर होते. काही मुद्द्यांवर मतं चार-चार अशी अडकली. फेरसुनावणीसाठी क्षयाने खंगलेले न्यायमूर्ती हॉवेल जॅक्सन अंथरुणातून उठून आले, त्यांनी कराच्या बाजूने मत दिलं. तरीही हा ‘प्रत्यक्ष कर’ आहे आणि तो लोकसंख्येनुसार वाटलेला नाही, या कारणाने कर पाच विरुद्ध चार मतांनी पडला. म्हणजे आधी कराच्या बाजूने असलेल्या कुणीतरी मत फिरवलं होतं. ते कोण, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. जॅक्सन त्याच ऑगस्टमध्ये वारले.

हा निकाल निष्प्रभ करायला सोळावी घटनादुरुस्ती लागली. १९०९ मध्ये सिनेटने ती ७७ विरुद्ध ० मतांनी मंजूर केली. राज्यं तिला मान्यता देणार नाहीत, असा काही विरोधकांचा हिशेब होता. तो चुकला. फेब्रुवारी १९१३ मध्ये ती लागू झाली आणि लोकसंख्येनुसार वाटणीची अट प्राप्तिकरापुरती गेली. १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नवा कर वैध ठरवला.

उरला प्रश्न ‘उत्पन्न’ कशाला म्हणायचं याचा. वॉशिंग्टन राज्यातल्या मूर दाम्पत्याने शेतीची अवजारं पुरवणाऱ्या बंगळूरच्या एका कंपनीत सुमारे ४०,००० डॉलर गुंतवले होते. त्यांच्या हाती लाभांश पडला नव्हता, तरी २०१७ च्या कायद्याने कंपनीच्या साठलेल्या नफ्यातल्या त्यांच्या वाट्यावर कर लागला. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो कर कायम ठेवला. मात्र हातात न आलेल्या वाढीवर सरसकट कर लावता येईल का, हे त्याने ठरवलं नाही.