ओढाकाठची झुडपे व लहान वृक्ष

ओढे, नाले, व्हाळ आणि लहान नद्या यांच्या काठावर निसर्गतः वाढणाऱ्या, आणि त्यामुळेच काठ धरून ठेवण्यासाठी मुद्दाम लावता येणाऱ्या देशी वनस्पती. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील, साधारणपणे १ ते १० मी. उंचीच्या जातींचाच विचार केला आहे. वाळुंज, शेरणी, निर्गुडी, झाऊ, दातीर, बोखाडा, निवर, वायवर्ण, करंज व तामण या त्यांपैकी प्रमुख होत. अर्जुन, आंबा यांसारखे मोठे वृक्ष काठावर असतातच, पण ते वगळले आहेत.

वाहत्या पाण्याला प्रदेशानुसार वेगळी नावे आहेत. कोकणात पऱ्या आणि व्हाळ, देशावर ओघळ आणि ओढा, त्याहून मोठा तो नाला. काठाला थड किंवा थडी म्हणतात. भीमथडी, गंगथडी ही प्रदेशनावे त्यावरूनच पडली. लागवडीच्या दृष्टीने काठाचे तीन भाग पडतात : पुरात बुडणारे पात्र, पाण्याच्या रेषेपासून वर जाणारा उतार आणि वरची सपाट थड. सह्याद्रीच्या पूर्वेकडील बहुतेक ओढे पावसाळ्यात दुथडी वाहतात आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत कोरडे पडतात. पात्रातल्या झाडाला म्हणून काही महिने बुडून राहणे आणि उरलेले महिने तहानेने काढणे ही दोन्ही कामे करावी लागतात. नुसत्या ‘पाणथळीतल्या’ झाडाला दुसरे काम जमत नाही आणि माळावरच्या झाडाला पहिले.

शेरणी : एरंड कुलातील हे सदाहरित झुडूप, शास्त्रीय नाव होमोनोइया रायपेरिया. उंची बहुधा १ ते ३ मी. पाने अरुंद, लांबट, भाल्याच्या पात्यासारखी. पाठीवर बारीक खवले असल्याने खालची बाजू फिकट दिसते. नर व मादी फुले वेगवेगळ्या झुडपांवर येतात. खडकाळ पात्रात, जिथे धोंड्यांच्या फटींत मूठभर वाळू साठते, तिथे ती मुळे घट्ट रोवते. पूर आला की सगळे झुडूप प्रवाहाच्या दिशेने आडवे होते. फांद्या चिवट असल्याने मोडत नाहीत आणि अरुंद पानांना पाणी फारसे अडत नाही. पावसाळा संपल्यावर एखाद्या ओढ्यात उतरून पाहावे : शेरणीच्या शेंड्यांना वाळके गवत, चिंध्या आणि प्लास्टिकच्या पिशव्यांची लक्तरे अडकलेली असतात, सगळी एकाच दिशेला लोंबत. पूर किती चढला होता हे त्यावरून मोजपट्टीशिवाय कळते. झुडूप मात्र पुन्हा उभे राहिलेले असते.

अशा वेगवान प्रवाहाला सरावलेल्या वनस्पतींचा स्वतंत्र गट मानून डच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हान स्टेनिस यांनी १९८१ मध्ये त्यांचा जागतिक आढावा प्रसिद्ध केला. त्यांना मराठीत ‘प्रवाहवनस्पती’ म्हणता येईल. अरुंद पाने, लवचीक फांद्या व खोल धरणारी मुळे ही त्यांची सामायिक लक्षणे शेरणीत स्पष्ट दिसतात.

शेरणीच्या औषधी ओळखीबाबत मात्र बराच गोंधळ आहे. मुतखड्यावरील प्रसिद्ध आयुर्वेदीय द्रव्य ‘पाषाणभेद’ म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, याविषयी एकमत नाही. उत्तर भारतात हिमालयातील बर्जेनियाची मुळे या नावाने विकली जातात आणि आज अधिकृत द्रव्य म्हणून तीच सर्वसाधारणपणे मान्य आहेत. दक्षिणेत आणि पश्चिम किनाऱ्यावर हे नाव शेरणीला, तसेच नदीच्या खडकांतच वाढणाऱ्या रोट्युला अॅक्वॅटिका या दुसऱ्या झुडपाला दिले जाते. पूर्वेकडे पानओव्यालाही पाषाणभेद म्हटल्याचे आढळते. पाषाण ‘भेदणारी’ म्हणून खडकाच्या फटीत उगवणारी वनस्पती असा अर्थ घेतला, तर शेरणी व रोट्युला या दोघींचा दावा बर्जेनियाइतकाच सबळ ठरतो, कारण तीही कड्याकपारीत वाढते. मुतखडा फोडणारी असा अर्थ घेतला तर वनस्पतीच्या वसतिस्थानाला पुराव्याचे मोल राहत नाही. नाव एकाच वनस्पतीचे नसून गुणाचे असावे, आणि ज्या प्रदेशात जी मिळाली तिला ते चिकटले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शेरणी व रोट्युला या दोन्हींचे शास्त्रीय वर्णन जोआंव द लोरेइरो या पोर्तुगीज धर्मोपदेशकाने कोचिन-चीनच्या (आजच्या व्हिएतनाममधील प्रदेशाच्या) वनस्पतींवरील आपल्या १७९० च्या ग्रंथात प्रथम केले, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे. दोघी जवळच्या नाहीत. रोट्युला भोकरीच्या नात्यातली आहे, तिची पाने बारकी व झुपक्यांत असतात आणि फुले गुलाबी असतात.

हा वाद केवळ वैद्यांपुरता नाही. रोपवाटिकेत ‘पाषाणभेद’ मागितले तर बहुधा कुंडीतला पानओवा किंवा पानफुटी हाती पडते, आणि ओढ्याच्या पहिल्या पुरात ती दिसेनाशी होते.

वाळुंज : शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. विलोच्या प्रजातीतील, पण समशीतोष्ण प्रदेशाऐवजी उष्ण प्रदेशात वाढणारा हा लहान ते मध्यम वृक्ष आहे. (क्रिकेटच्या बॅटीचा विलो तो हा नव्हे, बागांत लावतात तो लोंबत्या फांद्यांचा विलोही वेगळा आणि परदेशी.) पाने लांबट, टोकदार, पाठीवर पांढुरकी. फुलोरे लोंबत्या शेपटीसारखे. नर-मादी झाडे वेगळी. फळ उकलले की कापसाच्या पुंजक्यासकट बी वाऱ्यावर जाते. विलोंच्या बियांचे आयुष्य अगदी थोडे असते, ओली वाळू लवकर मिळाली नाही तर त्या मरतात. म्हणून लागवड बियांऐवजी फाट्यांनी, म्हणजे फांद्यांच्या तुकड्यांनी, करतात. कोवळ्या फांद्यांच्या टोपल्या विणतात. सालीत सॅलिसिन हे द्रव्य असून ती तापावर वापरतात.

वाळुंज या नावाच्या व्युत्पत्तीबद्दल दोन मते संभवतात. ‘वाळू’शी त्याचा संबंध जोडणे सोपे आहे, झाड वाळूत वाढते हेही खरे, पण ‘-उंज’ या उत्तरांशाचा त्यातून उलगडा होत नाही. दुसरे मत असे की मूळ संस्कृत शब्द ‘वंजुल’. वर्णविपर्ययाने, म्हणजे वर्णांची अदलाबदल होऊन, वंजुल > वलुंज, आणि दोन स्वरांमधल्या एकेरी ल चा ळ होणे तर मराठीत नित्याचेच. पहिल्या अक्षराचा दीर्घ स्वर तेवढा शिल्लक राहतो. तो वाळूच्या सादृश्याने आला असे मानल्यास दोन्ही मतांचा मेळ बसतो. वाळुंज, वाळूज ही गावनावे आणि वाळुंजकर हे आडनाव याच झाडाशी जोडले जाते.

अडचण अशी की वंजुल म्हणजे वाळुंजच, हे ठामपणे म्हणता येत नाही. अमरकोशात (काळाविषयी मतभेद, बहुधा गुप्तकाल किंवा त्यानंतर लगेच) वंजुल हा शब्द तीन ठिकाणी येतो : एकदा वेतसाचा पर्याय म्हणून, एकदा अशोकाचा आणि एकदा तिनिशाचा, म्हणजे आजच्या तिवसाचा. वेतसाच्याच पर्यायांत तिथे वानीरही आहे. याउलट वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सामान्यतः इ. स. सहाव्या शतकाचा पूर्वार्ध) वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात ओलसर, ‘अनूप’ जमिनीतील १६ वृक्षांची यादी दिली आहे. तीत जंबू, कदंब, उदुंबर, अर्जुन, लकुच, दाडिम, नक्तमाल, पनस यांच्याबरोबर वेतस, वानीर व वंजुल ही तीन नावे स्वतंत्रपणे मोजलेली आहेत. ती तिन्ही एकच असती तर सोळाची संख्या भरलीच नसती. तेव्हा वराहमिहिराचा वंजुल अशोक असावा, आणि वेतस व वानीर यांपैकी एक वेत, एक वाळुंज, असे समजणे सयुक्तिक दिसते. कोणता कोण हे मात्र प्रत्येक अभ्यासक वेगळे सांगतो. नक्तमाल म्हणजे करंज याबद्दल वाद नाही.

याच ग्रंथाच्या दकार्गल अध्यायात, म्हणजे भूजलशोधाच्या प्रकरणात, वेतसाची खूण सांगितली आहे : निर्जल जागी वेतस दिसल्यास त्याच्या पश्चिमेला तीन हातांवर, दीड पुरुष खोलीवर पाणी लागते. हात वर करून उभ्या असलेल्या माणसाची उंची ती ‘पुरुष’. वेल म्हणून झाडाझुडपांवर चढणाऱ्या वेतापेक्षा स्वतंत्र उभ्या झाडाला हे वर्णन अधिक लागू पडते. सह्याद्रीच्या दमट जंगलात वाढणारा वेत देशावरच्या कोरड्या मुलखात उगवत नाही, वाळुंज उगवतो. दख्खनपुरते तरी वेतस म्हणजे वाळुंज धरणे म्हणून योग्य होईल.

मत्स्यपुराणातील सह्याद्रीच्या नद्यांच्या यादीत गोदावरी, भीमरथी, कृष्णवेणी यांच्याबरोबर वंजुला येते. ती आजची मांजरा, असे अनेक अभ्यासक मानतात. वंजरा असाही पाठ आढळतो. बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावणाऱ्या या नदीच्या काठी अशोकाची बने असण्याचा संभव कमी, वाळुंजाच्या राया असण्याचा जास्त. काव्यप्रकाश या संस्कृत काव्यशास्त्रग्रंथात उदाहरण म्हणून घेतलेल्या एका प्राकृत गाथेत वानीरांच्या जाळीतून पक्षी कलकलाट करत उडतात आणि तो ऐकून घरकामात गुंतलेल्या सुनेचे अंग गळून जाते, कारण भेटीच्या ठरलेल्या जागी कोणीतरी येऊन पोहोचला आहे. टीकाकारांना तिथे ध्वनीचा, म्हणजे सूचित अर्थाचा, प्रश्न महत्त्वाचा वाटला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्या गाथेतून एवढेच निघते की वानीर माणूस लपण्याइतका दाट आणि घरातून ऐकू येण्याइतका वस्तीजवळ वाढत असे.

इतर जाती : निर्गुडी सर्वपरिचित आहे. वास उग्र असल्याने गुरे-शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत, आणि राखणीशिवाय वाढणारे झुडूप म्हणून काठासाठी तिचे मोल याच कारणाने आहे. झाऊ, म्हणजे टॅमॅरिक्स एरिकॉइडिस, देशावरच्या नद्यांच्या खडकाळ व वालुकामय पात्रांत वाढतो. पावसाळा सरल्यावर त्याला गुलाबी फुलांचे तुरे येतात. दातीर ही उंबराच्या प्रजातीतील जमिनीसरशी पसरणारी झुडूपवजा वनस्पती, उतारावरची माती धरण्यास उत्तम. बोखाडा तिच्याच नात्यातला, खरखरीत समोरासमोर पानांचा. निवर किंवा समुद्रफळ, संस्कृत निचुल वा हिज्जल, हा कोकणातील व्हाळांच्या काठी दिसतो. त्याचे लोंबते तांबडे फुलोरे रात्री उमलतात आणि सकाळी पाण्यावर केसरांची लाल साय धरलेली असते. कोकणातच अशोक ओढ्यांच्या सावलीत रानटी अवस्थेत आढळतो. सालीसाठी झालेल्या तोडीमुळे तो आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत असुरक्षित गणला गेला आहे. तामण, महाराष्ट्राचे राज्यपुष्प, उन्हाळ्यात फुलते.

वायवर्ण हा बेलासारख्या त्रिदळी पानांचा वृक्ष. त्याच्या शास्त्रीय नावांचा घोळ जुना आहे : क्रॅटेव्हा रिलिजिओजा, नुर्वाला, मॅग्ना, अॅडॅन्सोनाय अशी नावे वेगवेगळ्या ग्रंथांत एकाच झाडाला लावलेली दिसतात. मुळांपासून नवे फुटवे येत असल्याने एक झाड काही वर्षांत काठावर लहानसे बेट तयार करते. साल मुतखड्यावर देतात. पाषाणभेदाचा शोध घेणाऱ्याला वायवर्ण त्याच ओढ्यावर भेटतो.

लागवड : वाळुंज व निर्गुडी फाट्यांनी लागतात. अंगठ्याएवढा जाड, हात-दीड हात लांबीचा फाटा दोनतृतीयांश जमिनीत, डोळे वर करून खोचतात. वाळुंजाचे सगळे फाटे एकाच झाडाचे घेतल्यास सगळी रोपे एकाच लिंगाची निघतात आणि त्यांपासून पुढे बी धरत नाही; निदान चार-पाच झाडांवरून फाटे घ्यावेत. करंजाच्या ताज्या बिया थेट टोचल्या तरी रुजतात. शेरणी, वाळुंज व झाऊ पाण्याच्या रेषेजवळ, निर्गुडी, दातीर व बोखाडा उतारावर, करंज, वायवर्ण व तामण थडीवर असा क्रम नैसर्गिक काठाशी जुळतो.

वेळेबाबत मतभेद दिसतो. वनमहोत्सवाच्या प्रथेप्रमाणे आषाढात खड्डे भरले जातात. थडीवर ते ठीक. पात्रालगत मात्र ती रोपे मुळे धरण्याआधीच पुरात जातात. पूर ओसरू लागल्यावर, भाद्रपदाच्या सुमारास, पाणी जसजसे उतरेल तसतसे खालच्या ओळीत फाटे खोचत जाणे जास्त हिशेबाचे आहे. नदी ओसरल्यावर गाळात पेरणाऱ्या गाळपेर शेतकऱ्यांची रीत हीच असते.

काठावरच्या जुन्या झाडीला सर्वाधिक धोका यंत्राने होणाऱ्या नाला-रुंदीकरणाचा आहे. काठ उभा तासला गेला की उतारच नाहीसा होतो आणि मधल्या ओळीतील जातींना जागा राहत नाही. मोकळ्या झालेल्या मातीत बेशरम, घाणेरी व वेडी बाभूळ या परदेशी वनस्पती प्रथम शिरतात. बेशरमीचे तुकडे वाहत जाऊन खालच्या काठाला रुजत असल्याने तिची तोड ओढ्याच्या वरच्या अंगाकडून खाली करत येणे आवश्यक असते, आणि तोडलेला पाला थडीवर, पुराच्या रेषेच्या वर, वाळवावा लागतो.

देशी झाडी अखंड राहिलेली ठिकाणे बहुधा देवराया आणि साती आसरांचे, म्हणजे सात जलदेवतांचे, डोह होत. पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केला. अनेक राया झऱ्यांच्या व ओढ्यांच्या उगमाशी आहेत. डोहाच्या काठी शेंदूर किंवा कुंकू लावलेले सात दगड मांडलेले असतात. त्यांच्या आसपासची फांदी तोडत नाहीत, त्यामुळे फाट्यांसाठी व बियांसाठी मातृवृक्ष शोधताना अभ्यासक प्रथम तिथेच जातात. बी खाली पडलेले उचलायला हरकत नसते. फाटा घ्यायचा तर आधी गावाला विचारावे लागते.