आर्काटा पाणथळ व सांडपाणी प्रक्रिया केंद्र

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला हंबोल्ट उपसागराच्या काठी आर्काटा नावाचे जेमतेम अठरा हजार वस्तीचे गाव आहे. गावाचे सांडपाणी येथे तलाव आणि पाणवनस्पतींच्या मदतीने शुद्ध होते. प्रक्रिया केंद्र आणि पक्षी अभयारण्य मिळून हा परिसर ३०७ एकरांचा आहे.

एकेकाळी गावाचा मैला काहीही प्रक्रिया न होता थेट उपसागरात जाई. १९५० च्या दशकात ऑक्सिडीकरण तलाव, म्हणजे शेवाळ आणि जिवाणूंकडून घाण संपवणारे उघडे तलाव, बांधले गेले. १९७४ मध्ये राज्याने नवे धोरण आणले: उपसागरात आणि खाड्यांत सांडपाणी सोडायचे तर त्याने तिथल्या पाण्याचे भले होते, हे दाखवून द्यावे लागेल. त्यावर उपसागराभोवतीच्या गावांचे पाणी नळांनी एकत्र करून एका मोठ्या केंद्रातून समुद्रात सोडण्याची योजना पुढे आली. आर्काटाला तिचा खर्च झेपणारा नव्हता आणि वापरता येण्यासारखे पाणी समुद्रात घालवणे पटतही नव्हते.

हंबोल्ट विद्यापीठात मत्स्यशास्त्र शिकवणारे जॉर्ज ॲलन तेव्हा प्रक्रिया केलेले सांडपाणी आणि समुद्राचे पाणी एकत्र करून त्यात सॅमन माशांची पिल्ले वाढवत होते. ज्या पाण्याला लोक नाक मुरडतात त्यात सॅमनसारखा नाजूक मासा जगतो, याहून बोलका पुरावा कोणता हवा? पर्यावरण अभियंते रॉबर्ट गिअरहार्ट यांनी १९७९ पासून छोट्या वाफ्यांत पाणथळीचे प्रयोग केले. ते यशस्वी झाले आणि १९८६ मध्ये पूर्ण व्यवस्था सुरू झाली. पुढच्याच वर्षी तिला फोर्ड फाउंडेशनचा पुरस्कार मिळाला.

मूळ रचनेत पाण्याचा प्रवास असा होता. आधी जाळीत चिंध्या-प्लास्टिक अडकते, मग टाकीत गाळ खाली बसतो. तिथून पाणी ऑक्सिडीकरण तलावांत जाते. तिथले शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते आणि त्यावर जगणारे जिवाणू घाण खातात. पण हेच शेवाळ पुढे वाहत गेले तर तीही घाणच. म्हणून पाणी दाट लव्हाळ्यांच्या आणि पाणकणसांच्या वाफ्यांतून नेतात. सावलीत शेवाळ मरते आणि संथ पाण्यात तळाशी बसते. बुडालेल्या देठांवरचा बुळबुळीत थर म्हणजे जिवाणूंची वस्ती, ती उरलेले काम करते. मग निर्जंतुक केलेले पाणी ॲलन, गिअरहार्ट आणि हाउझर अशी नावे असलेल्या तीन पाणथळींत फिरते, केंद्रात परत येते, पुन्हा क्लोरिन घेते आणि तो क्लोरिन काढून टाकल्यावरच उपसागराला मिळते. उपसागरात कालवांची शेती चालते, त्यामुळे एवढी काळजी अनिवार्यच आहे.

या पाणथळींची जागा मुळात टाकाऊ होती. कुठे लाकडाचे ओंडके रचत, कुठे गुरे चरत. शेजारीच गावाचा कचरा डेपो होता, तो मातीने झाकून त्यावर आता गवत वाढले आहे. आज इथे तीनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे आणि लोक रोज बांधांवरून फिरायला येतात.

आपल्याकडे ओढ्यात चार पाणकणसे लावून 'नैसर्गिक शुद्धीकरण' झाल्याचे सांगितले जाते. आर्काटाचा दाखला त्यासाठी देणे चुकीचे आहे. आर्काटात जमीन मुबलक आहे, सांडपाणी मुख्यतः घरगुती आहे, आणि साचलेला गाळ व माजलेली झाडी काढत राहावे लागते. पावसाळी हिवाळ्यात जुन्या गटारांत जमिनीतले पाणी झिरपते, आवक कित्येक पटींनी वाढते आणि पाण्याला वाफ्यांत थांबायला पुरेसा वेळ मिळत नाही.

सर्वांत अवघड प्रश्न समुद्राचा आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जमिनीच्या तुलनेत पाण्याची पातळी हंबोल्ट उपसागरात सर्वाधिक वेगाने वाढते आहे, कारण इथली जमीनच खचते आहे. केंद्र आणि तलाव भरतीच्या पाण्यापासून मातीच्या बांधांनी राखलेले आहेत, आणि त्या बांधांपलीकडे रोज दोनदा भरती येते.