बेळगावच्या रस्त्यांवर पादचाऱ्याची जागा कशी आक्रसली

बेळगावात चालणे अवघड झाले ते गाड्या वाढल्यामुळे, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. हे शहर मुळातच दोन मापांनी वसले. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे कॅम्प, म्हणजे लष्करी छावणीचा भाग, उभा राहिला, तो रुंद रस्त्यांचा आणि कडेला झाडे राखलेला. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार यांचे माप मात्र माणूस आणि बैलगाडी यांच्या चालीचे होते. तिथे घराच्या कट्ट्यावरून पाय थेट रस्त्यावर पडे, आणि सगळ्यांचा वेग सारखाच असल्याने वेगळ्या फूटपाथची गरजही नव्हती.

वेग वाढला, पण गल्लीची रुंदी तेवढीच राहिली. मग गटारीवर फरशी टाकली गेली आणि तिलाच फूटपाथ म्हणण्याची सवय लागली. आज संध्याकाळी बाजारात भाजीची पिशवी घेऊन निघालेल्या बाईला आधी दुकानाची पुढे आलेली पायरी, मग उभी केलेली मोटरसायकल, मग कोपरा तुटलेली फरशी चुकवावी लागते आणि शेवटी ती रिक्षांच्या मधूनच चालू लागते. हातगाडीवाल्यावर सगळा दोष ढकलणे सोपे आहे. पायरी पक्क्या बांधकामाची असते आणि ती संध्याकाळी उचलून घरी नेता येत नाही.

टिळकवाडीत रेल्वेने आणखी एक रेघ ओढली. पहिले, दुसरे, तिसरे गेट हे तिथले पत्तेच झाले. १९२४ च्या महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालील अधिवेशनाची आठवण सांगणारा काँग्रेस रोड याच रुळांच्या कडेने जातो. फाटकावर उड्डाणपूल झाला की गाडीचा खोळंबा संपतो, पायी जाणाऱ्याला मात्र चढ आणि वळसा पडतो.

१९५६ नंतर सीमाप्रश्नाने व्यापलेल्या इथल्या राजकारणात फूटपाथ मागेच राहिला, असे मला वाटते. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचे नाव आले आणि पदपथाची चर्चा कागदावर तरी सुरू झाली. रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मते चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. जुन्या गल्लीत एवढी जागा पार्किंग हलवल्याशिवाय निघणारच नाही. २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी रस्ते अपघातांत दगावले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोग्या पदपथाचा हक्क राज्यघटनेच्या २१ व्या कलमात येतो, असे स्पष्ट केले.

निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडे गेल्यावर तर फूटपाथ हा शब्दच गैरलागू ठरतो. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर काठोकाठ भरून कारखान्याकडे निघतात, मागे दिवा असतोच असे नाही, आणि शेतावरून परतणारी माणसे अंधारात त्याच डांबराच्या कडेने, एकामागे एक, बॅटरी लावून चालत असतात.