दुर्मिळ भाग शोधण्याआधी : जुनी स्पोर्ट्स कार दुरुस्तीला काढणाऱ्यांसाठी

गाडी उघडली की मोडके-झिजलेले भाग भंगारात टाकायची घाई होते. नवे कुठून तरी मिळतीलच, असे वाटत असते. आमची विनंती एवढीच, की काहीही फेकू नका. तुटलेले ब्रॅकेट, त्याचे तुकडे, गंजून अर्धी उरलेली पट्टी, फाटलेले रबर, सगळे पिशवीत घाला आणि ते कुठल्या बाजूचे हे पिशवीवर लिहा. आमच्याकडे आणण्याआधी घासून-धुऊन चकचकीतही करू नका. घासल्याच्या खुणा आणि रंगाचे उरलेले थर पाहून तो भाग कशाला टेकत होता, कुठे ताण घेत होता हे कळते. मूळ ड्रॉइंग कुठेच मिळत नसेल, तर पुढचे सगळे काम त्या मोडक्या तुकड्यावरूनच होते.

गाडीच्या नावाने शोधू नका

लहान कंपन्या सगळे भाग स्वतः बनवत नसत. लोटस एस्प्रीच्या पहिल्या आवृत्तीचे मागचे दिवे फियाट एक्स १/९ चे, दुसरीचे रोव्हर एसडी१ चे. दाराच्या मुठी मॉरिस मरिनाच्या आणि गिअरबॉक्स सिट्रोएन एसएमचा. अ‍ॅस्टन मार्टिन डीबी७ चे मागचे दिवे माझ्दा ३२३एफ मधून आले. उंची गाडीच्या नावाने विकायला ठेवलेला दिवा आणि साध्या गाडीच्या नावाने ठेवलेला दिवा एकच असतो, किंमत मात्र एक नसते. म्हणून आधी भागावर बनवणाऱ्याचे नाव शोधा : लुकास, गर्लिंग, बॉश, स्मिथ्स, वेबर. तिथला क्रमांक त्या कंपनीचा असतो, आणि शोध त्यावरूनच सुरू करायचा.

एक सावधगिरी. ओतकामात उठून आलेला क्रमांक म्हणजे पार्ट नंबर नव्हे. एकाच ओतीव तुकड्यावर वेगवेगळी भोके पाडून वेगवेगळे भाग बनवलेले असतात, त्यामुळे फोटोत जुळलेला क्रमांक हातात आल्यावर फसवू शकतो. बेअरिंग आणि ऑइल सील तर गाडीचे नाव न घेताच मागावेत. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजली, की त्यांतले बरेचसे प्रमाणित मापाचे निघतात.

न वापरलेला जुना साठा मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका. धातूचा भाग असेल तर उत्तमच. पण चाळीस वर्षे खोक्यात पडलेले रबर चाळीस वर्षे जुनेच असते. ब्रेकचे पाइप, सील आणि डायफ्रॅम असे आणलेत, तर आम्ही ते बसवत नाही.

दुरुस्ती आधी, बदली नंतर

एसयू कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) बदलून हवा म्हणून येणाऱ्यांचा कार्बोरेटर बहुधा चांगलाच असतो. झिजलेली असते ती थ्रॉटलची, म्हणजे आतली झडप फिरवणारी, दांडी आणि तिची भोके. तिथून जास्तीची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना, इंजिन अडखळते. मग स्क्रू कितीही फिरवा, सेटिंग टिकत नाही. दांडी बोटांनी वर-खाली हलवून पाहा. खडखडली, तर भोके मोठी करून बुश (धातूच्या छोट्या नळ्या) बसवायचे आणि नवी दांडी घालायची. एवढ्यावर काम भागते.

बिडाच्या ब्लॉकला तडा गेला, तर लगेच वेल्डरकडे धावू नका. एकाच जागी तापलेले बीड थंड होताना शेजारी नवी चीर सोडते. आम्ही शक्यतो थंड शिवण घालतो : तड्याच्या रेषेवर एकमेकांत शिरणाऱ्या आटेदार पिना आणि तड्याला आडव्या धातूच्या पट्ट्या. काम कंटाळवाणे आहे, पण ब्लॉक वाकत नाही आणि त्यावरचा मूळ इंजिन क्रमांक शाबूत राहतो. (तो क्रमांक पुसणे किंवा नव्या ब्लॉकवर ठोकणे ही कामे आम्ही घेत नाही.)

धातू ओळखल्याशिवाय हत्यार लावू नये. १९६८ ते १९७७ मधल्या बहुतेक पोर्श ९११ चे क्रँककेस (इंजिनाचे खालचे कवच) मॅग्नेशियमचे आहेत. त्यांतले स्टडचे आटे उपटून येतात, तेव्हा पोलादी आटेदार बुश बसवावे लागतात. मॅग्नेशियमचा बारीक कीस पेट घेतो आणि पाणी टाकले तर आग भडकते, म्हणून हे काम घरी ग्राइंडर लावून करू नका. दाराच्या मुठी आणि नावाच्या पट्ट्या बहुधा जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. तो ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. क्रोम उतरवून, खड्डे साफ करून, तांब्याचे थर आणि डाख यांनी ते भरून पुन्हा मुलामा देता येतो. अक्षरांच्या कडा पॉलिशवाल्याच्या हातून सहज गोल होतात, तेव्हा तिथे घाई करू देऊ नका.

आट्यांबद्दलही सांगायला हवे. एमजी टीसी आणि टीडीच्या इंजिनात आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) पान्याची. डोके बघून आटे ठरवणाऱ्याने तिथे बरीच भोके बिघडवली आहेत. बोल्ट हाताने दोन-तीन फेरे गेला नाही, तर पाना लावूच नका.

नवा बनवायचाच झाला तर

जुना भाग वाळूत दाबून साचा घ्या, अशी मागणी नेहमी येते. ओतलेले अ‍ॅल्युमिनियम थंड होताना साधारण १.३ टक्के आकसते. म्हणजे २०० मिलिमीटरचा भाग अडीच मिलिमीटरच्या आसपास आखूड येतो आणि बोल्टची भोके चुकतात. आम्ही भाग स्कॅन करून तेवढा वाढवतो, लेथ-मिलिंगसाठी जादा धातू ठेवतो आणि त्यावरून ओतकामाचा नमुना छापून घेतो. स्कॅनमध्ये झीजही तशीच उतरते, हे लक्षात ठेवा. खरे माप त्या भागाला जुळणाऱ्या दुसऱ्या भागावरून घ्यावे लागते, म्हणून तोही आणा.

तडा गेलेले स्टीअरिंगचे आर्म आणि स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर फिरते तो आखूड दांडा) आम्ही जोडत नाही, कितीही दुर्मिळ असोत. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला मात्र स्टीलची स्लीव्ह घालता येते. सील नवे आणि त्या गाडीच्या तेलाला चालणारेच हवेत. सिट्रोएन एसएमला हिरवे खनिज तेल लागते. ते साध्या ब्रेक ऑइलच्या सीलवर पडले, तर सील फुगतात. जुन्या ब्रेक शूची धूळ हवेच्या झोताने उडवू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते.

येताना भाग, त्याचा जोडीदार, भाग बसलेला असतानाचा फोटो आणि चेसी व इंजिनाचे क्रमांक आणा. ओतकामाला वेळ लागतो, त्यामुळे रंगकामाची तारीख आधी ठरवून ठेवू नका. काम झाल्यावर जुना भाग चिठ्ठी लावून परत दिला जाईल.