पी-व्हॅल्यू मोठी आली म्हणजे संबंधच नाही?

‘रिग्रेशनमध्ये पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर गेली की क्ष आणि य यांचा संबंध नाही हे सिद्ध झालं,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. (रिग्रेशन म्हणजे आकड्यांमधून क्ष आणि य यांना जोडणारी रेषा काढणं; तिचा उतार म्हणजे क्ष एकाने वाढला की य किती बदलतो ते; आणि पी-व्हॅल्यू म्हणजे खरा उतार शून्य असताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा शून्यापासून याहून लांबचा उतार दिसण्याची शक्यता.) गैरसमज होणं साहजिक आहे, कारण शून्य परिकल्पना, म्हणजे चाचणी ज्याविरुद्ध पुरावा शोधते ते गृहीतक, ‘उतार शून्य आहे’ अशीच मांडलेली असते. पण चाचणी ती सिद्ध करत नाही. ती फेटाळण्याइतका पुरावा हाती आहे का, एवढंच बघते.

कागदावर करून बघा. क्ष: −२, −१, ०, १, २. य: ४, १, ०, १, ४. क्ष ची सरासरी शून्य, त्यामुळे उताराच्या सूत्रात वर उरते ती जोड्यांच्या गुणाकारांची बेरीज: −८ − १ + ० + १ + ८ = ०. उतार शून्य, पी-व्हॅल्यू थेट १. आणि तरी य हा क्ष चा तंतोतंत वर्ग! संबंध पक्का आहे, फक्त सरळ रेषेचा नाही. म्हणून आधी आलेख काढावा (मीही हे टाळायचो).

संबंध सरळ असला तरी निरीक्षणं मोजकी असली की पी-व्हॅल्यू मोठी येऊ शकते. अशा वेळी उताराची ९५ टक्के विश्वास-मर्यादा, म्हणजे खऱ्या उताराच्या ज्या किमती आकड्यांशी जुळतात त्यांचा पल्ला, बघा. ती −०.२ ते ४.६ असेल, तर तिच्यात शून्य बसतं, तसा ४ हा मोठा उतारही बसतो.